विरळ हवेतली धावपट्टी

केडगावात बसून जगाची सफर करायची म्हटली, तर पूर्वी शाळेतला नकाशाच काय तो हाताशी असे. यंदा दिवाळीला नातू आला आणि त्याने संगणकावर मला चक्क वैमानिक करून टाकले! स्वयंपाकघरात करंज्या तळल्या जात होत्या आणि ओसरीवर आम्ही आजा-नातू मृत समुद्राकाठच्या बार येहुदा विमानतळावर उभे होतो. समुद्रसपाटीच्या खाली 1,240 फूट! आमचे नगर सपाटीपासून सुमारे 2,100 फूट वर. त्या खोलगट जागी हवा दाट. विमान पाखरासारखे अलगद उचलले गेले.

"आजोबा, आता खूप उंचावर कुठे जायचे?"

"दौलत बेग ओल्डी," मी म्हणालो.

हे नाव मी 1962 पासून विसरलेलो नाही. माझे थोरले बंधू तेव्हा लडाखात शिपाई होते. त्यांचे पत्र आले की आई विचारी, "एवढ्या बर्फातून हे येते तरी कसे रे?" ते सुटीवर आले, तेव्हा हे नाव मी प्रथम ऐकले.

लेहला सोनम नोर्बू या अभियंत्याने धावपट्टी तयार करवून घेतली. 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तेथे, सुमारे 10,700 फुटांवर, डाकोटा उतरवले. सोबत जनरल थिमय्या होते. पुढे 1962 साली स्क्वाड्रन लीडर राजे यांनी 16,600 फुटांवरच्या दौलत बेग ओल्डीला पॅकेट विमान उतरवले. तेथे हवेची घनता समुद्रकाठच्या जेमतेम साठ टक्के. पंखांना आधार कमी, इंजिनाला प्राणवायू कमी. म्हणून वेग अधिक हवा आणि धावायला जागाही अधिक. 1965 नंतर तेथे विमाने उतरेनाशी झाली. 31 मे 2008 रोजी एएन-32 उतरले, तोवर 43 वर्षे लोटली होती.

मी विमान हाकले. पट्टी सरली, चाके भुईला चिकटलेलीच. आणि विमान थेट दगडांत!

नातू खदखदून हसला. "पुन्हा करू या, आजोबा!"

मला मात्र हसू येईना. आम्हांला पुन्हा करता येते. त्या माणसांना ती सवलत नव्हती.

बंधू आज नाहीत. त्यांची पत्रे आईच्या लाकडी पेटीत आहेत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री एक पणती मी त्या पेटीशी ठेवली आणि आईच्या प्रश्नाचे उत्तर, साठ वर्षांनी का होईना, तिच्या पणतवाला सांगितले.