मागावाचून घडलेले वस्त्र

ज्याला ना उभे सूत ना आडवे, जे कोणत्याही चातीवर कातले गेले नाही की मागावर चढले नाही, आणि तरीही ज्याने मध्य आशियाच्या गवताळ पठारांवरील भटक्या मेंढपाळांना राहुटीचे आच्छादन, अंथरूण, टोपी आणि खोगिराखालची गादी पुरवली, त्या नमद्याची योग्यता विणलेल्या कापडापुढे आपण फारच कमी लेखली आहे. त्याच्या प्राचीनत्वाचा सर्वांत बोलका दाखला सायबेरियातील अल्ताई पर्वतात मिळाला: सेर्गेई रुदेन्को यांनी 1949 साली पाझिरिक येथील पाचवी समाधी उकरली, तेव्हा आत शिरून गोठलेल्या पाण्याने सुमारे 2300 वर्षे जतन केलेला नमद्याचा भव्य भित्तिपट हाती आला, आणि सोबत हरणाचे केस भरलेले, पांढऱ्या नमद्याचे हंसही. इतकी सफाई पहिल्या पिढीच्या हातून साधत नाही. हा हुन्नर त्या काळीही मुरलेला असला पाहिजे. दख्खनेतला बुरणूस, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेले कांबळे, हाही याच घराण्यातला.

विणल्यावाचून नमदा एकसंध राहतो तो लोकरीच्या घडणीमुळे. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले असतात आणि त्यांची मोकळी कड नेहमी केसाच्या टोकाकडे असते; म्हणून तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो, परंतु मागे फिरू लागताच शेजारच्या खवल्यांत अडकतो. गरम पाण्याने तो फुगून लवचीक होतो, साबणाने निसरडा होतो, आणि मग प्रत्येक दाबासरशी थोडा पुढे जाऊन तेथेच गुंतून राहतो. कापसाला व रेशमाला असे खवले नाहीत, म्हणून ती कितीही मळली तरी त्यांचा नमदा होत नाही. आणि क्लोरीनच्या प्रक्रियेने खवले झिजवलेल्या लोकरीचा स्वेटर धुतल्यावर आटत नाही, तोही याच कारणाने.

हाच गुण कामी लावत श्रीनगरचा नमदा घडवणारा कारागीर पिंजलेली लोकर चटईवर थरावर थर पसरतो, साबणाचे पाणी शिंपडतो, चटईची घट्ट वळकटी बांधतो आणि पायाने दाब देत ती पुढेमागे लोळवीत राहतो. कष्ट लोळवण्यात असले तरी कसब थर पसरण्यात आहे, कारण तेथे राहिलेला विरळपणा पुढे कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. किंमत उतरावी म्हणून आता त्या थरांत कापूस मिसळतात. तो स्वतः कशातच गुंतत नाही, नुसता लोकरीच्या जाळ्यात अडकून राहतो, आणि असा नमदा लवकर उसवू लागतो. गिऱ्हाइकाने आधी लोकरीचे प्रमाण विचारावे, वरच्या भरतकामाची वाखाणणी नंतर करावी.