प्रत कोणाकोणाला?

आजचा विषय ऐकून काही जण हसले. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर ईमेलच्या ‘बीसीसी’वर काय बोलणार? पण कारण आमच्याच घरचं आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दीडशे जुन्या विद्यार्थ्यांना एकाच मेलने निमंत्रण धाडलं, सगळे पत्ते ‘टू’च्या रकान्यात. त्यात एक विद्यार्थिनी होती. ती सासर सोडून दुसऱ्या गावी राहत होती आणि नवा ईमेल तिने मोजक्याच लोकांना दिला होता. त्याच यादीत तिच्या सासरचा एक जण होता. तीन दिवसांत त्याचा मेल तिच्याकडे पोहोचला. मजकुरात आम्ही काही वावगं लिहिलं नव्हतं.

मजकूर लपवणं आणि तो कोणाकडे गेला हे लपवणं, या दोन निराळ्या गोष्टी. आपल्या नाशिकने हे फार महागात शिकलेलं आहे. मार्च १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांच्या घराच्या झडतीत साठेक पानांची टंकलिखित इंग्रजी प्रत सापडली, बाँब कसा बनवायचा याची. तिच्यावर कोणाचा पत्ता असायची गरजच नव्हती. आदल्या वर्षी कलकत्त्यात माणिकतला बागेतल्या छाप्यात पोलिसांना हाच मजकूर मिळाला होता. दोन प्रती शेजारी ठेवल्या की धागा जुळला. १९१८ च्या रौलट अहवालात याची नोंद आहे. पुढे २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, धरपकड झाली, आणि लंडनहून पिस्तुलं आणणारा चतुर्भुज अमीनच माफीचा साक्षीदार झाला. खटला ३८ जणांवर चालला.

आता बीसीसी. नावातच कार्बन आहे. कार्बन पेपरचं पेटंट १८०६ चं, इंग्लंडातल्या राल्फ वेजवुडचं. पुढे टंकलेखनयंत्र आलं तेव्हा टायपिस्ट मूळ पत्र काढून घ्यायचा आणि मगच खालच्या प्रतींवर जादा नाव टाइप करायचा. मूळ पत्र ज्याला जाई त्याला पत्ताच नसे. १९७७ च्या ईमेल नियमावलीत हा रकाना आहेच.

म्हणजे त्याचा मूळ उपयोग, खरं सांगायचं तर, थोडा लबाडीचा. आपण एकाला लिहितो आणि तिसरा गुपचूप वाचतो. आमच्या मते ते टाळावं. सरकारी पत्राखाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून उघड यादी असते, ती बरी. कोणाला कळवलं हे सगळ्यांना कळतं. पण दीडशे अनोळखी माणसांना एकच निमंत्रण जातं तेव्हा पत्ते झाकण्यात कोणाचीच फसवणूक नाही. पत्ता ज्याचा त्याचा. आमच्याकडे तो विश्वासाने ठेवलेला.

रीत सोपी. ‘टू’मध्ये स्वतःचा पत्ता, बाकी सगळे बीसीसीत. एवढंच लक्षात ठेवा की बीसीसीतल्या कोणी ‘रिप्लाय ऑल’ केलं तर उत्तर फक्त उघड पत्त्यांना जातं, झाकलेल्यांना नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप म्हणजे उघडी यादी, ब्रॉडकास्ट म्हणजे झाकलेली. मात्र ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच ते पोहोचतं, म्हणून आमचे निम्मे म्हातारे मित्र वगळले जातात.

आजचं निमंत्रण बीसीसीने गेलं. त्या विद्यार्थिनीला गेलेलं नाही. तिने तो पत्ता बंद केला, आणि नवा आम्हाला दिलेला नाही.