वितळलेला डॉलर, घडलेला रुपया

नाण्यांचा संग्रह म्हणजे श्रीमंतांचा रिकामा छंद, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो दूर व्हावा म्हणून आम्ही येथे एका परदेशी नाण्याची हकीकत मांडतो. कारण तिचा धागा पाथर्डीच्या सराफाच्या पेढीपर्यंत येऊन पोहोचतो.

हे नाणे म्हणजे अमेरिकेचा चांदीचा डॉलर. त्याचा ठसा जॉर्ज मॉर्गन याने कोरला. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली तो पाडला गेला. एका बाजूस स्वातंत्र्यदेवतेचे मुख, दुसरीकडे पंख पसरलेला गरुड. वजन २६.७३ ग्रॅम आणि त्यात नव्वद टक्के चांदी. असे कोट्यवधी डॉलर सरकारी तिजोरीत नुसते पडून होते.

पुढे पहिले महायुद्ध आले. हिंदुस्थानातून युद्धासाठी अपार माल गेला. १९१८ च्या आरंभी लोक नोटा परत करून चांदीचा रुपया मागू लागले आणि सरकारजवळची चांदी संपत आली. ब्रिटनने अमेरिकेकडे धाव घेतली. २३ एप्रिल १९१८ रोजी तेथे पिटमन कायदा झाला. सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले गेले; त्यांपैकी जवळजवळ २६ कोटींची चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली गेली आणि इथल्या टांकसाळींत तिचे रुपये झाले. एका डॉलरात सव्वादोन रुपयांची चांदी भरे.

कोणत्या सालचे किती डॉलर मुशीत गेले, याची नोंद मात्र राहिली नाही. म्हणूनच त्या नाण्याची दुर्मिळता किती पाडले यावरून नव्हे, किती वाचले यावरून ठरते. संग्राहकाला ओढ असते ती या कोड्याची.

आणि आपला रुपया? १९४० मध्ये त्यातील चांदी निम्म्यावर आली. १९४७ साली तो निकेलचा झाला. जुना रुपया माळेत, गाडग्यात, देव्हाऱ्यात उरला आणि दुष्काळात मोडीला गेला. त्यास आम्ही दोष देत नाही. पोटापुढे इतिहास थोर नव्हे. परंतु मोडण्यापूर्वी साल तेवढे वाचावे. १९१८ वा १९१९ चा रुपया असेल आणि तळच्या कमळाखाली ठिपका असेल, तर तो मुंबईच्या टांकसाळीचा होय. आजीच्या माळेतील त्या रुपयात कदाचित अमेरिकेचा गरुड विरघळलेला असेल.