डालडाच्या कढईपासून ई-मेलपर्यंत : मुंबईतील जाहिरातसंस्थांच्या कामाचा एक उपेक्षित पैलू

प्रास्ताविक

जाहिरातीचा इतिहास आपल्याकडे बहुधा गाजलेल्या चित्रांचा आणि घोषवाक्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी साकारलेला एअर इंडियाचा महाराजा, १९६६ साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी घडविलेली अमूलची मुलगी, या उदाहरणांपलीकडे चर्चा क्वचितच जाते. प्रत्यक्षात आजच्या कोणत्याही मध्यम आकाराच्या जाहिरातसंस्थेत डोकावले, तर एकाच आठवड्यात ग्राहकांना पाठवावयाच्या ई-मेलची मांडणी, एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाची जुळवाजुळव आणि गणेशोत्सव मंडळाशी प्रायोजकत्वाची बोलणी अशी तिन्ही कामे शेजारशेजारच्या टेबलांवर चाललेली दिसतात. हे मिश्रण इंटरनेटोत्तर काळाची निर्मिती आहे, असे मानण्याचा प्रघात आहे. तो प्रस्तुत लेखकास मान्य नाही. कागदावरचे काम आणि चौकातले काम ही जोडी जुनीच आहे. त्यांपैकी एकालाच 'सर्जनशील' का म्हटले गेले आणि एकाचेच पुरावे का उरले, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

मुंबईतील जाहिरातसंस्था

गिरगावात १९०५ साली सुरू झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही भारतातील आद्य जाहिरातसंस्थांपैकी एक मानली जाते. आरंभीच्या संस्थांचे काम मुख्यतः वृत्तपत्रांतील जागा मिळवून देण्याचे होते. मजकूर पुष्कळदा व्यापारी स्वतःच आणून देत. १९२९ साली जनरल मोटर्सच्या कामासाठी जे. वॉल्टर थॉम्पसन ही अमेरिकन संस्था मुंबईत आली आणि १९३९ साली लीव्हर उद्योगसमूहाची लिंटास येथे उभी राहिली. सर ज. जी. कलाशाळेत १९३५ साली उपयोजित कलेचा विभाग सुरू झाल्याने या संस्थांना प्रशिक्षित चित्रकार मिळू लागले आणि त्यांत मराठी तरुणांचा भरणा मोठा होता. पुढे अरुण कोलटकर कला-दिग्दर्शक म्हणून, तर किरण नगरकर जाहिरातलेखक म्हणून याच जगात वावरले. मात्र मूळ मजकूर इंग्रजीत आणि मराठीत केवळ त्याचा अनुवाद, ही उतरंड दीर्घकाळ टिकली. मराठी वाक्य इंग्रजी चित्राच्या मापात बसवावे लागे, हे त्या काळची मराठी वृत्तपत्रे चाळताना आजही जाणवते.

डालडाची मोहीम

या पार्श्वभूमीवर लिंटासने १९३९ पासून राबविलेली डालडाची मोहीम वेगळी उठून दिसते. हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने शिवडी येथे वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू केले होते. 'डाडा' या डच नावात लीव्हरचा 'ल' मिसळून 'डालडा' हे नाव सिद्ध झाले. परंतु नावाने प्रश्न सुटणार नव्हता. दिसायला तुपासारखे, वासाला तुपासारखे नाही आणि किमतीला स्वस्त, अशा पदार्थाकडे कोणतीही गृहिणी संशयानेच पाहणार. शिवाय तिच्यापर्यंत पोहोचावयाचे कसे? १९५१ च्या जनगणनेतही देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्केच होते. वृत्तपत्रातील अर्धे पान घेऊन भागण्यासारखे हे काम नव्हते.

लिंटासच्या हार्वे डंकन यांनी म्हणूनच अनेक मार्ग एकत्र योजिले. साक्षरांसाठी वृत्तपत्रे व पत्रके होतीच. चित्रपटगृहांसाठी लघुपट तयार करण्यात आला. डब्याच्या आकाराची गोल मोटारगाडी शहरांतून फिरविण्यात आली. परंतु या मोहिमेचे मर्म रस्त्याकडेच्या प्रात्यक्षिकांत होते. तेथे कढई चढवून पदार्थ तळले जात आणि जमलेल्या लोकांना वनस्पती तूप पाहण्यास, हुंगण्यास व चाखण्यास दिले जाई. आज ज्याला 'इव्हेंट' म्हणतात, त्याची सर्व अंगे येथे आढळतात. दवंडी, जत्रा आणि खेळ यांना सरावलेल्या समाजाला ही रीत परकी वाटण्याचे कारणच नव्हते. परकी होती ती वस्तू.

या मोहिमेचे केवळ कौतुक करून थांबणे योग्य होणार नाही. वनस्पती तुपाला महात्मा गांधींचा विरोध होता. शुद्ध तुपातील भेसळीचा प्रश्न गंभीर होता. १९५० च्या दशकात त्यावर बंदी घालण्याची मागणी जोरात झाली. कढईभोवती मिळविलेला विश्वास कशासाठी वापरला गेला, हा प्रश्न म्हणूनच इतिहासकाराने विचारलाच पाहिजे.

पंधरा टक्क्यांचा हिशेब

एवढी यशस्वी पद्धत असूनही जाहिरातसंस्थांच्या प्रतिष्ठेच्या क्रमात तिला खालचे स्थान का मिळाले? त्याचे उत्तर, माझ्या मते, सौंदर्यदृष्टीत नसून हिशेबाच्या वहीत आहे. मान्यताप्राप्त संस्थेला वृत्तपत्राकडून जाहिरातीच्या रकमेवर १५ टक्के दलाली मिळे. म्हणजे ग्राहकाकडून १०० रुपये घ्यावयाचे, वृत्तपत्राला ८५ द्यावयाचे आणि उरलेल्या १५ रुपयांत लेखक, चित्रकार, ग्राहकसेवा विभाग यांचे पगार भागवावयाचे. लेखन आणि चित्र हे जणू विकत घेतलेल्या जागेसोबत मिळणारे फुकट दान होते. मोटारगाडीच्या पेट्रोलवर किंवा कढईतील तेलावर अशी दलाली कोणी देत नव्हते. साहजिकच ज्या कामातून दलाली निघते, ते 'रेषेच्या वरचे' आणि ज्यातून निघत नाही, ते 'रेषेखालचे' ठरले. हुशार माणसे वरच्या कामावर नेमली गेली आणि पारितोषिकेही प्रामुख्याने त्याच कामाला मिळाली. १९९० नंतर जागाखरेदीचे काम स्वतंत्र संस्थांकडे गेले आणि दलालीची जागा हळूहळू ठरावीक शुल्काने घेतली, तेव्हा कुठे मेळे, प्रात्यक्षिके, शालेय स्पर्धा यांना संस्थेच्या मुख्य कामात बसावयास पाट मिळाला.

पुराव्यांवरही याचा परिणाम झाला आहे. छापील जाहिरात ग्रंथालयातील वृत्तपत्रांच्या फायलींत आपोआप जतन झाली. फिरत्या गाडीबरोबर गावोगाव गेलेले चालक, आचारी, निवेदक यांची नावे मात्र कोठेही नाहीत. २०१३ च्या अलाहाबाद कुंभमेळ्यात, लाइफबॉयने हात धुतले का, असा प्रश्न उमटविलेल्या सुमारे २५ लाख पोळ्या वाढल्या गेल्या. ही मोहीम ओगिल्व्ही या संस्थेची. पोळ्या खाऊन संपल्या. त्यांची नोंद उरली, कारण त्या प्रसंगाची चित्रफीत तयार झाली आणि ती जगभर दाखविली गेली. पोळीवर तापलेला शिक्का उमटविणाऱ्या हातांची नावे तीतही शोधावी लागतात.

ई-मेलची मांडणी

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. त्याच्या कितीतरी आधी, मे १९७८ मध्ये, गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने अमेरिकेतील अर्पानेटवर सुमारे ४०० जणांना संगणकविक्रीचा मजकूर एकदम पाठविला होता आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली होती. न बोलावता घरात शिरण्याचा हा दोष ई-मेलच्या जन्मापासूनचा आहे. चौकातल्या कढईजवळ थांबावयाचे की पुढे जावयाचे, हे निदान वाटसरूच्या हाती होते.

ई-मेलची मांडणी करणाऱ्याचे काम बाहेरून दिसते तेवढे सुटसुटीत नसते. एकच पत्र वेगवेगळ्या संगणकांवर वेगवेगळे दिसते, म्हणून आजही पुष्कळदा जुन्या पद्धतीच्या कोष्टकांत, सुमारे ६०० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत मजकूर बसवावा लागतो. चित्रे दिसलीच नाहीत तरी अर्थ पोहोचावा, ही काळजी घ्यावी लागते. मराठीची अडचण निराळीच होती. युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरी मजकूर ज्या फाँटमध्ये लिहिला, तो फाँट समोरच्याकडे नसेल, तर रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका उमटे; म्हणून मराठी मजकुराचे सरळ चित्रच करून पाठविले जाई. त्या चित्रांतील शब्द आज कोणत्याही शोधयंत्राला सापडत नाहीत.

पत्र कितीजणांनी उघडले, हे त्यात दडविलेल्या एका अदृश्य चित्रबिंदूवरून मोजले जाई. २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेलसेवेत गोपनीयतेची तरतूद केल्यापासून हा आकडाही भरवशाचा राहिलेला नाही. थोडक्यात, ज्या माध्यमाचे सर्व काही मोजता येते असे सांगितले गेले, त्याचाही पुरावा अभ्यासकाच्या हाती फारसा लागत नाही. मोहीम संपली की पत्रे पुसली जातात आणि ती पाठविणारी संस्था दुसरीत विलीन झाली की त्यांच्या फायलीही जातात.

स्थानिक साधने

या स्थितीत महाविद्यालयीन इतिहास विभागांना सहज उपलब्ध असलेले एक साधन म्हणजे गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका. १८९३ पासूनच्या सार्वजनिक उत्सवाच्या अभ्यासात त्यांतील लेख वाचले जातात, जाहिराती मात्र उलटून टाकल्या जातात. वस्तुतः कोणत्या वर्षी गल्लीतील किराणा दुकानाच्या जागी बँक आली, कोणत्या वर्षी मलपृष्ठ बांधकाम व्यावसायिकाकडे गेले, मराठी मजकुराची जागा इंग्रजीने केव्हा घेतली आणि अर्ध्या पानाचा दर काय होता, हे सारे तेथे वर्षानुक्रमे नोंदलेले असते. दराचे पत्रक अनेकदा खजिनदाराच्या पावतीपुस्तकातच चिकटविलेले सापडते. स्मरणिका जमविताना ती पावतीपुस्तकेही मागून घ्यावीत, कारण मंडळाची कार्यकारिणी बदलली की रद्दीत आधी जातात ती तीच.