कोळिसरा : एका पतंगाची ओळख आणि त्याची झाडे

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस पेठ-सुरगाण्याच्या बाजूने ऐनाची राने आहेत, आणि पूर्वेस येवल्याला पैठणीचे माग आहेत. रानातल्या ऐनावर एक मोठा पतंग आपले कोश टांगतो. मागावर चढणारे रेशीम मात्र तुतीवर पोसलेल्या, सर्वस्वी निराळ्या किड्याचे असते, आणि ते पूर्वापार बाहेरून येत आले आहे. दोहोंच्या धाग्याला आपण ‘रेशीम’ हा एकच शब्द लावतो. या एका शब्दाने जुने लेख वाचताना जो घोटाळा होतो, त्याचा उलगडा करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

ज्याला आज टसरचा पतंग म्हणतात तोच हा कीटक. त्याच्या चारही पंखांवर आरशासारखा पारदर्शक डोळा असतो. नर बहुधा तांबूस तपकिरी, तर मादी पिवळसर वा करडी असते. प्रौढावस्थेत तो काही खात नाही. थोडे दिवस जगतो, अंडी घालतो आणि मरतो. त्यामुळे पतंग क्वचितच दृष्टीस पडतो. टिकतो तो त्याचा कोश. हा कोश अंड्याच्या आकाराचा व कठीण असतो. त्याला लांब देठ असून देठाचे टोक डहाळीभोवती कड्यासारखे आवळलेले असते. ओळखीचा खरा पुरावा म्हणजे हा कोश आणि तो ज्या झाडावर सापडला ते झाड.

या कीटकाची आपल्या प्रदेशातील महत्त्वाची नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांची आहे. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्यांच्याकडे दख्खनची सांख्यिकीय पाहणी सोपविली. त्या वेळी नाशिक हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १८६९ मध्ये झाला. पाहणीनंतर, १८३० च्या दशकात, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत साइक्स यांनी दख्खनच्या या रेशीमकिड्यावर निबंध प्रसिद्ध केला व त्याच्या शीर्षकातच कीटकाचे देशी नाव घातले. ते रोमन लिपीत असल्याने त्याचे मराठी रूप अनुमानानेच ठरवावे लागते. ‘दख्खन’ लिहिताना साइक्स अकाराच्या जागी ‘यू’ हे अक्षर योजतात. तोच नियम येथे लावल्यास नावाचा उत्तरार्ध ‘सुरा’ नसून ‘सरा’ ठरतो. रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांचा भेद उमटत नाही, म्हणून ‘कोलिसरा’ आणि ‘कोळिसरा’ ही दोन्ही वाचने संभवतात. येथे दुसरे स्वीकारले आहे. धागा काढणारा म्हणून ‘कोळी’ या कीटकनामाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. परंतु केवळ ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे.

शब्दापेक्षा साइक्स यांनी दिलेला उपयोग अधिक बोलका आहे. दख्खनचे लोक या कोशापासून सूत काढीत नसत; कोश कापून त्याच्या चिवट वाद्या करीत आणि बंदुकीची नळी दस्त्याला बांधण्यास त्या वापरीत. म्हणजे वस्तू परिचित होती, तिला नाव होते, पण ती ‘रेशीम’ या कल्पनेत बसत नव्हती. खाद्यवृक्षांत साइक्स यांनी ऐन, बोर, साग व तुती यांची नावे दिली आहेत.

त्यांच्यापूर्वी बंगालमधील याच जातीच्या किड्यावर विल्यम रॉक्सबर्ग यांचा निबंध १८०४ मध्ये लिनियन सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला गेला होता. त्यात बोर आणि ‘आसन’ हे दोन वृक्ष येतात. येथे मराठी वाचकाने सावध राहिले पाहिजे. उत्तरेकडील ‘आसन’ म्हणजे आपला ऐन किंवा सादडा. तो हिरड्याच्या कुळातला. मराठीतला ‘असाणा’ हा निराळ्याच कुळातला वृक्ष आहे. दोन्ही नावे एकाच संस्कृत ‘असन’ शब्दाकडे बोट दाखवितात. पण जो भाषांतरकार आसनाचा असाणा करील, तो किडा भलत्याच झाडावर नेऊन ठेवील.

शास्त्रीय नावानेही हा प्रश्न एका फटक्यात सुटला नाही. लिनिअसने १७५८ मध्ये ‘पॅफिया’ हे नाव दिले, ड्रुरीने १७७३ मध्ये ‘मायलिट्टा’. आजही काही ग्रंथांत एक, काहींत दुसरे आढळते. पंखांवरून जे ठरत नव्हते, ते लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे ठरविले होते. ‘तसर’ हा वैदिक शब्द विणकराच्या धोट्याचा वाचक आहे. एरीचा किडा एरंडावरून ओळखला गेला. विदर्भातला ‘कोसा’ कोशावरून. पाणिनीने ‘कौशेय’ शब्द कोशापासूनच साधला आहे. त्यात तुतीचा मागमूस नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर पत्रोर्णा नावाच्या तंतूचे प्रकार नागवृक्ष, लिकुच, बकुळ व वड या झाडांवरून पाडले आहेत आणि प्रत्येकाचा रंगही सांगितला आहे. तेव्हा प्राचीन वचनातील कौशेयाचा अर्थ डोळे मिटून ‘तुतीचे रेशीम’ असा करणे सयुक्तिक नाही.

१८७० च्या दशकात मेजर कूसमेकर यांनी पुण्यास या पतंगाच्या पालनाचे प्रयोग केले. तथापि पश्चिम महाराष्ट्रात तो धंदा रुजला नाही. भंडारा-गडचिरोलीकडे मात्र ऐन व अर्जुन यांवर कोसा काढण्याची परंपरा आजही चालू आहे. तेथे वस्तू जिवंत असल्याने शब्दही जिवंत आहे. नाशिककडे वस्तू रानात आहे आणि शब्द एका इंग्रजी निबंधाच्या शीर्षकात अडकून राहिला आहे.

यावरून अभ्यासकाने एक शिस्त घ्यावी. रानात कोश सापडला तर त्याच्या नावाबरोबर झाडाचे नाव, आणि ते नाव सांगणाऱ्याचे गाव, ही तिन्ही टिपावीत. नाव गावागणिक बदलते, अर्थ शतकागणिक बदलतो. झाडाची नोंद असली तरच दोहोंचा माग पुन्हा लागतो.