बाकी कुठे गेली? पाटणच्या शिलालेखापासून सातबाऱ्यापर्यंत

आज वही-पेन्सिल जवळ घेऊन बसा. आजच्या गप्पांत एक भागाकार आहे, आणि तो ऐकून नाही, मांडून समजतो.

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आमच्या गटातली एक ताई बैठकीला कागद घेऊन आली. वडिलांची २ हेक्टर जमीन. माय आणि सहा भावंडं, म्हणजे सात वाटे, सगळे सारखे. भावांनी बहिणींना डावललं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. १९९४ साली महाराष्ट्रात आणि २००५ साली देशभर कायदा बदलला, मुलीलाही मुलाइतका हक्क मिळाला, आणि या घरानं तो मानला होता. आपसातल्या वाटणीचा मसुदा तयार होता. प्रत्येकीच्या, प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलं होतं ०.२८ हेक्टर, म्हणजे २८ आर. सह्या करायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

आमच्यातल्या एका म्हातारीनं, जिनं शाळा पाहिलेली नाही, बोटांवर हिशेब केला. सात वेळा अठ्ठावीस म्हणजे एकशे शहाण्णव. जमीन तर दोनशे आर. ती म्हणाली, "मंग चार आर गयात कोठे?"

चार आर म्हणजे ४०० चौरस मीटर. गावात तेवढ्यात चार-पाच घरं उभी राहतात. कुणी चोरली नव्हती. ती दशांश चिन्हाच्या पुढे, न लिहिलेल्या आकड्यांत पडून होती.

त्या दिवशी बचतीचा विषय बाजूला राहिला आणि आम्ही भागाकार मांडला. पण तो सांगण्याआधी थोडं मागे जाऊ, कारण हा हिशेब आपल्याच मातीत आठशे वर्षांपूर्वी चालू होता.

पाटणादेवी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. चाळीसगावहून नैर्ऋत्येला, गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत. नवरात्रात आपण तिथे ओटी भरायला जातो. त्या पाटण गावच्या देवळात एक शिलालेख होता, तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा. त्यात लिहिलंय की थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, आणि इथला निकुंभ घराण्याचा राजा सोइदेव यानं त्या मठाला दान दिलं.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. शेवट मात्र जुन्या मराठीत. तिथे देवधर्माच्या मोठ्या गोष्टी नाहीत, बाजारातल्या आहेत. गिऱ्हाइकाकडून मठाला दामाचा विसोवा द्यायचा. तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल. माल मापायचा तो मठाच्या मापानं, आणि मापाईचा अर्धा भाग मठाला, अर्धा मापणाऱ्याला. म्हणजे शाळा चालली ती बाजारातल्या लहान लहान हिश्शांवर. आम्हाला तर हे वाचून आपल्या गटाची मासिक बचतच आठवली.

विसोवा म्हणजे विसावा भाग. दाम हे नाणं, त्याचे वीस भाग, त्यातला एक. आज आपण ते ०.०५ असं लिहू. पण त्या दगडावर असं टिंब नाही, आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथातही नाही. ते अपूर्णांक लिहायचे वर अंश, खाली छेद असा, मधली रेघही नसायची.

भास्कराचार्य शके १०३६ मध्ये, म्हणजे १११४ साली जन्मले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्याचा अंकगणिताचा भाग म्हणजे लीलावती. लीलावती त्यांची मुलगी होती, लग्नाच्या घटिकापात्रात मोती अडकून तिचा मुहूर्त टळला आणि तिची समजूत घालायला वडिलांनी पुस्तक लिहिलं, अशी गोष्ट आपण ऐकतो. ती अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात आहे. भास्कराचार्यांनी स्वतः ती सांगितलेली नाही. पण गणित घालताना ते एका मुलीला हाक मारून विचारतात, हे मात्र त्यांच्याच ग्रंथात आहे. बाराव्या शतकात मुलीला गणित विचारलं जात होतं, एवढंही आम्हाला कमी वाटत नाही.

त्याच लीलावतीत गोलाचा हिशेब आहे. विहीर बांधताना घेर काढतात तोच. ते दोन रीती देतात. व्यवहारापुरती सोपी रीत, व्यासाला २२ ने गुणून ७ ने भागा. आणि बारीक रीत, ३९२७ ने गुणून १२५० ने भागा. उदाहरण घेतलंय व्यास ७ चं. सोप्या रीतीनं घेर २२. बारीक रीतीनं उत्तर येतं २१ पूर्ण आणि वर १२५० पैकी १२३९ भाग.

आता पेन्सिल उचला. १२५० पैकी १२३९ म्हणजे नक्की किती, ते दशांशात काढू. १२३९ ला १२५० ने भागायचं. भाग जात नाही, म्हणून शून्य लिहा आणि पुढे टिंब द्या. आता १२३९ वर शून्य चढवा, १२३९० झाले. त्यात १२५० नऊ वेळा, बाकी ११४०. पुन्हा शून्य, ११४००. पुन्हा नऊ वेळा, बाकी १५०. शून्य चढवून १५००, एकदा, बाकी २५०. शून्य चढवून २५००, दोनदा, बाकी काहीच नाही. उत्तर ०.९९१२. घेर झाला २१.९९१२.

एवढंच आहे ते. बाकी उरली की तिच्यावर शून्य चढवायचं आणि पुन्हा भागायचं. शून्य चढवणं म्हणजे उरलेल्याचे दहा-दहा तुकडे करणं. भाकरी वाटताना शेवटची उरली की आपण तिचे तुकडे करून वाटतोच ना, तसं.

टिंब देऊन लिहायची ही पद्धत रुळायला पुढे बराच काळ गेला. समरकंदच्या अल-काशीनं १४२७ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात दशांश अपूर्णांक नीट मांडले. युरोपात सायमन स्टेविन नावाच्या माणसानं १५८५ मध्ये त्यावर छोटी पुस्तिका काढली, ती जमीन मोजणारे, कापड मोजणारे आणि व्यापारी यांच्यासाठी होती.

आपल्याकडे दशांश घराघरांत आला तो १ एप्रिल १९५७ ला, नव्या पैशाबरोबर. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. नव्या हिशेबात रुपयाचे १०० पैसे. मग आणा किती पैशांचा? १०० ला १६ ने भागा, ६.२५ येतात. पाव पैशाचं नाणंच नव्हतं. म्हणून एका आण्याला ६ पैसे, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ असं ठरलं. एकेक आणा चार वेळा दिला तर २४, एकदम दिला तर २५. आमच्या आजीच्या वयाच्या बायका अजून सांगतात की त्या वर्षी दुकानात रोज वाद व्हायचे.

इथे आमचं एक मत नोंदवतो. जुने आणे-पै अगदीच मागास नव्हते. रुपयाचे तीन सारखे वाटे करा, ५ आणे ४ पै, चोख, कारण १९२ ला ३ ने पूर्ण भाग जातो. १०० ला जात नाही. आज तिघींत रुपया वाटला की ३३ पैसे आणि एक पैसा उरतो. ज्यांना पावकी, निमकी, औटकी तोंडपाठ होती त्यांना अडाणी म्हणताना जरा थांबायला हवं.

आता ताईचा कागद. २ हेक्टर, सात वाटे. २ ला ७ ने भागा. शून्य, टिंब. वीसमध्ये सात दोनदा, बाकी ६. साठमध्ये आठदा, बाकी ४. चाळीसमध्ये पाचदा, बाकी ५. पन्नासमध्ये सातदा, बाकी १. दहामध्ये एकदा, बाकी ३. तीसमध्ये चारदा, बाकी २. आणि थांबा, २ पासूनच तर आपण निघालो होतो! म्हणजे आता तेच आकडे पुन्हा येणार. ०.२८५७१४ आणि पुढे परत २८५७१४, कधीच न संपता. सातानं भागल्यावर बाकी १ ते ६ एवढीच असू शकते, म्हणून सहा पावलांत फिरून यावंच लागतं.

भास्कराचार्यांचा १२५० चा भागाकार चार पावलांत संपला, कारण १२५० हे फक्त २ आणि ५ यांच्या गुणाकारातून बनतं, आणि १० सुद्धा त्यांचंच. विसोव्याचा २० आणि आण्याचा १६ हेही तसेच. ३ आणि ७ तसे नाहीत. गंमत म्हणून ७ ला १२ ने भागून पाहा, आपला सातबारा. ०.५८३३३, आणि तीन संपतच नाहीत.

न संपणारं उत्तर कुठेतरी थांबवावं लागतंच. त्यात खोट नाही. खोट आहे ती कुठे थांबलो हे न पाहण्यात. टिंबानंतर दोन आकड्यांवर थांबलं तर आर मिळतात, चार आकड्यांवर थांबलं तर चौरस मीटर. ०.२८ वर थांबल्यानं प्रत्येकाचे ५७ चौरस मीटर कागदाबाहेर गेले होते. तेही सगळ्यांचे, भावांचेसुद्धा. उद्या मोजणीत ते चार आर बांधालगत निघाले असते आणि तिथून भांडण सुरू झालं असतं.

ताईनं आमच्या बैठकीच्या वहीतलं पान फाडून नेलं आणि भावांपुढे भागाकार मांडला. धाकट्यानं मोबाइलवर ताडून पाहिला. मसुदा पुन्हा लिहिला गेला, २८ आर ५७ चौरस मीटर. साताचा गुणाकार केला, १९,९९९ चौरस मीटर भरले. एक अजून उरला. त्यावर थोडं हसणं झालं, मग मोठा भाऊ म्हणाला, तो मायच्या नावावर टाका. तसं केलं. मायच्या नावापुढे २८ आर ५८ आहेत.