क्रमांक आणि कोन : गोल्फच्या लोखंडी काठ्यांचा नामेतिहास

शब्दांचे अर्थ कालौघात पालटतात, हे आता कोणास निराळे सांगावयास नको. परंतु संख्येच्या बाबतीत आपली समजूत सहसा वेगळी असते. एखाद्या वस्तूचे नाव काढून तिला क्रमांक दिला म्हणजे अर्थाची अनिश्चितता संपली, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत कितपत टिकते, हे पाहण्यास गोल्फच्या ‘आयर्न’ नामक लोखंडी काठ्यांचा इतिहास मोठा उपयुक्त आहे.

काठी नेहमीप्रमाणे जमिनीवर टेकवली असता तिच्या मुखाचा पृष्ठभाग उभ्या रेषेपासून जितका मागे कलतो, त्या कोनास ‘लॉफ्ट’ म्हणतात. कोन लहान असेल तर चेंडू खालून व दूर जातो. मोठा असेल तर तो उंच उडून जवळच पडतो. सर्व आयर्नांचा परस्परभेद मुख्यतः या कोनावर आणि त्याच्या जोडीने दांड्याच्या लांबीवर अवलंबून असतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या काठ्यांना क्रमांक नव्हते, नावे होती : क्लीक, मिड-आयर्न, मॅशी, मॅशी-निब्लिक, निब्लिक. यांपैकी ‘क्लीक’ हा स्कॉट भाषेतील आकड्याचा वाचक शब्द. ‘निब्लिक’च्या व्युत्पत्तीविषयी मात्र एकमत नाही. लोहार काठीचे मुख हाताने घडवीत, दांडा हिकरी लाकडाचा असे, आणि एकाची मॅशी दुसऱ्याच्या मॅशीशी तंतोतंत जुळावी अशी अपेक्षाही कोणी करीत नसे. खेळाडू एकेक काठी पारखून जमवी. नाव अंदाजाने कार्य सांगे. माप सांगण्याचा त्याचा दावाच नव्हता.

ही व्यवस्था दोन कारणांनी मोडली. पहिले कारण पोलादी दांड्याचे. सेंट अँड्र्यूजच्या ‘रॉयल अँड एन्शन्ट’ संस्थेने १९२९ मध्ये त्यास मान्यता दिली आणि कारखान्यातून एकसारख्या घडणीचे संच काढणे सुलभ झाले. दुसरे कारण काठ्यांच्या संख्येवरील मर्यादेचे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९३८ पासून व ‘रॉयल अँड एन्शन्ट’ने १९३९ पासून एका खेळाडूस चौदाच काठ्या बाळगण्याची मुभा ठेवली. मोजक्या काठ्यांत सर्व अंतरे बसवावयाची, तर त्यांची श्रेणी सुसंगत असणे ओघानेच आले. अशा रीतीने क्रमांक रूढ झाले; स्थूलमानाने मॅशी पाचवी झाली आणि निब्लिक नववी. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढण्यासाठी जीन साराझेन याने १९३२ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत वापरलेल्या काठीच्या प्रकाराने, म्हणजे सँड वेजने, मात्र आपले नाव टिकविले.

क्रमांकाने श्रेणीतील स्थान निश्चित केले, पण कोन निश्चित केला नाही. पुढील सारा गोंधळ याच त्रुटीतून उद्भवला. १९७० च्या सुमारास सातव्या आयर्नचा कोन साधारणतः ३६ ते ३८ अंश असे. पुढे कार्स्टन सोल्हाइम याच्या ‘पिंग’ या कंपनीने मुखाच्या मागील भागातील धातू काढून तो कडेला व तळाशी नेण्याची पद्धती लोकप्रिय केली. अशा काठीचा गुरुत्वमध्य खाली जातो आणि त्याच कोनातून चेंडू पूर्वीपेक्षा उंच उडतो. तेव्हा उड्डाणाची जुनी उंची राखावयाची तर कोन कमी करणे यांत्रिकदृष्ट्या समर्थनीयच होते. परंतु या समर्थनास बाजाराचेही पाठबळ होते. दुकानात नवी सातवी काठी जुन्या सातव्या काठीपेक्षा चेंडू दूर नेते असे दिसले की ग्राहक प्रसन्न होतो. ती आता वस्तुतः सहावी किंवा पाचवी आहे, हे तो क्वचितच विचारतो.

हा पालट किती दूरवर गेला आहे, हे एकाच उत्पादकाच्या दोन संचांवरून दिसते. टायटलिस्टच्या २०१९ मधील ‘६२० एमबी’ या पारंपरिक घडणीच्या संचात सातव्या आयर्नचा कोन ३५ अंश व पाचवीचा २७ अंश आहे. त्याच कंपनीच्या २०२० मधील ‘टी ४००’ संचात सातवीचा कोन २६ अंश आहे. म्हणजे एकाची सातवी दुसऱ्याच्या पाचवीहूनही उभी! पहिल्या संचातील पिचिंग वेज ४७ अंशांची, तर दुसऱ्यातील ३८ अंशांची, म्हणजे पहिल्यातील ३९ अंशांच्या आठवीच्याही अलीकडची.

श्रेणीचे एक टोक असे सरकले, पण दुसरे सरकू शकले नाही. वाळूचे कार्य बदलत नसल्यामुळे सँड वेज ५४ ते ५६ अंशांच्या आसपासच राहिली. पूर्वी पिचिंग वेज व सँड वेज यांत पाच-सहा अंशांचे अंतर असे; ते दहा-बारा किंवा अधिक झाले. ते भरण्यासाठी नवी काठी आली आणि तिला कोणी ‘गॅप’, कोणी ‘अप्रोच’, तर कोणी नुसते ‘डब्ल्यू’ म्हणू लागले. क्रमांकांनी हद्दपार केलेली नावे अशा प्रकारे मागील दाराने परत आली. अखेरीस स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या वेजांवर ५२, ५६, ६० असे अंशच कोरण्याची चाल पडली.

नियामक संस्थांनी या बाबतीत हस्तक्षेप केलेला नाही. पटरचा कोन दहा अंशांहून अधिक नसावा असे त्यांचे नियम सांगतात. सातव्या आयर्नला सातवी का म्हणावे, हे मात्र ते सांगत नाहीत. परिणामी दोन पिढ्यांतील खेळाडूंनी एकाच क्रमांकाच्या काठीने मारलेल्या अंतरांची तुलना निरर्थक ठरते, आणि नवशिक्याला आपल्या बळाची वाढ व काठीच्या कोनाची घट यांतील भेद उमगत नाही.

तात्पर्य, आयर्नवरील क्रमांक हे माप नसून नाव आहे. मापामागे सर्वमान्य प्रमाण असावे लागते. नावामागे केवळ वहिवाट पुरते. जेथे अंश कोरले गेले तेथे माप आले. जेथे क्रमांक राहिला तेथे अर्थांतर चालूच आहे. संख्येचे रूप धारण केल्याने शब्द स्थिर होत नाही. उलट त्याचे चळणे अधिक काळ अलक्षित राहते, एवढेच.